प्राचीची इम्युनिटी आणि डहाके काका

धंतोलीतल्या छातीच्या दवाखान्यात सतरा वर्षं काढली की दोन गोष्टी होतात. घसा बसतो आणि किस्से साचतात. फाईली दर काही वर्षांनी रद्दीत जातात, किस्से नाही जात हो! घरी सांगितले तर नवरा हसतो, भिशीत सांगितले तर बायका हसतात. मी हसवायला सांगतच नाही. मला राग येतो म्हणून सांगते. तुम्हाला हसायचं तर हसा, पण माझा बीपी वाढला तर तुमची जबाबदारी!

माझं काम म्हणजे लोकांना मशीनमध्ये फुंकायला लावायचं. फुप्फुसात हवा किती मावते आणि किती वेगानं बाहेर येते, ते मशीन सांगते. पण माणूस मनापासून फुंकतच नाही. मग मला ओरडावं लागतं. "मोठा श्वास घ्या, घ्या, घ्या... आता फुंका! फुंका, फुंका, फुंका! थांबू नका!" दिवसातून पंचवीस वेळा. बाहेर बसलेल्यांना वाटतं, आत कोणाची तरी मारामारी लागली आहे. पेशंट मला फुंकवाल्या ताई म्हणतात.

आमच्या मॅडम, म्हणजे छातीच्या डॉक्टर, याच्या अगदी उलट. इतक्या हळू बोलतात की पेशंटला खुर्ची पुढे ओढावी लागते. कितीही संताप येवो, चष्मा काढून पुसतात आणि परत घालतात, बस. ओरडायचं खातं माझ्याकडे.

नावं सगळी बदलून सांगते आहे. नाहीतर मॅडम चष्मा पुसतील आणि मला घरी पाठवतील.

*

आधी एक छोटा सांगते, म्हणजे आम्ही कोणत्या पातळीवर काम करतो ते कळेल.

कळमन्याला धान्याची अडत असलेले एक गृहस्थ. पोत्यांच्या धुळीनं दमा उफाळलेला. मॅडमनी कॅप्सूल लिहून दिल्या. या कॅप्सूल छोट्या यंत्रात ठेवायच्या असतात. यंत्र फिरवलं की कॅप्सूल फुटते आणि आतली पावडर तोंडानं ओढायची. मी स्वतः तीनदा दाखवलं होतं. महिन्यानं गृहस्थ परत आले, दम जसाच्या तसा.

"कॅप्सूल घेता ना?"

"रोज दोन! एकही चुकवली नाही."

"यंत्र दाखवा बरं."

त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं. कोरं करकरीत, वरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता.

"मग कॅप्सूल घेता कशा?"

"गिळतो नं! गरम पडू नये म्हणून दुधासंग."

महिनाभर! साठ कॅप्सूल पोटात! आणि वर मलाच म्हणतात, "ताई, पोटाले मात्र काही त्रास नाही झाला हो."

*

आता डहाके काका. माझा निम्मा बीपी या एका माणसाच्या नावावर आहे.

लकडगंजात काकांची आरागिरणी. खाली सागवान चिरतात, वर घर. एक दिवस काका, काकू, काकांची बहीण आणि एक मावसभाऊ असे दवाखान्यात शिरले. त्यांच्या मागून एक बारीकशी मुलगी आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिची छाती मला दारातूनच वाजताना ऐकू येत होती.

मॅडमनी विचारलं, "नाव काय?"

"प्राची," काका म्हणाले.

"वय?"

"बावीस," काका म्हणाले.

"त्रास कधीपासून होतो, प्राची?"

"तिले काही त्रास नाही हो," काका म्हणाले. "थोडासा दम लागते. बाकी पोट्टी एकदम फस्क्लास. बीएड करून राहिली."

मॅडमनी चष्मा पुसला. "तिला बोलू द्या ना."

"मॅडम, बोलाले गेली का तिले दम लागते, म्हणून तं मी सांगून राहिलो!"

मला त्याच मिनिटाला ओरडायचं होतं. पहिलाच दिवस म्हणून गप्प बसले. तिथंच चुकलं माझं.

*

मग प्राची आली माझ्या मशीनवर. काकाही मागोमाग आत. मी म्हटलं, बाहेर बसा. तर म्हणे, "मी काही बोलत नाही, नुसता पाहातो."

पहिल्यांदा फुंकली तर आकडे अगदीच कमी. हवा निघता निघत नव्हती बिचारीची. मग पंपाचे, म्हणजे इन्हेलरचे, फवारे दिले आणि पंधरा मिनिटं बसवलं. हीच तर दम्याची खूण असते. नळ्या आकसलेल्या असतात, औषधानं मोकळ्या होतात. दुसऱ्यांदा फुंकली आणि आकडे असे वर गेले की मीच टाळी वाजवली. प्राची हसली. म्हणाली, "ताई, इतकी हवा आत जाते हे मले माहीतच नव्हतं."

अहो, बावीस वर्षांची मुलगी, आणि पूर्ण श्वास म्हणजे काय हे तिला आज कळतंय!

काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ पाहिले.

"म्हणजे पहिल्या पेपरात नापास अन् पंप घेऊन पास?"

"हो."

"मग हे तं कॉपी झाली नं ताई! आपल्याले कॉपी करून पास नाही व्हायचं."

*

आता इम्युनिटी. हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही, आधीच सांगून ठेवते. कोरोनापासून ज्याला त्याला इम्युनिटी वाढवायची आहे. काढे, चूर्ण, गिलोय, आणखी काय काय. काका म्हणाले, "मॅडम, पोरीची इम्युनिटी कमी आहे. ते वाढवाचं काही द्या. पंप नोको."

मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवला, प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि चित्र काढलं. श्वासाची नळी, तिच्या आतलं अस्तर, त्यात गोल गोल पेशी.

"काका, कमी नाहीये. नको तिथं जास्त आहे. ह्या पेशी पाहा, इओसिनोफिल. पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार. जंत वगैरे शरीरात शिरले तर त्यांच्याशी लढायला असतात. प्राचीच्या नळीत जातो लाकडाचा भुसा. तिथं बसलेल्या दुसऱ्या पेशी, त्यांना मास्ट सेल म्हणतात, त्या भुशालाच शत्रू समजून बोंब ठोकतात. बोंब ऐकून ह्या इओसिनोफिल धावत येतात. शत्रू कोणीच नसतो, पण आलो आहोत तर मारूनच जाऊ म्हणतात. मार कोणाला बसतो? तिच्याच नळीला. ती सुजते, आत चिकट बेडका भरतो, आणि हवा अडकते."

काका भुवया चढवून ऐकत होते. मी म्हटलं, "मोहल्ल्यात एक कुत्रं भुंकलं, अन् सगळे लाठ्या घेऊन निघाले, अन् आपल्याच घराच्या काचा फोडून आले. तसं आहे काका."

"पंपात अगदी थोडं स्टिरॉईड असतं," मॅडम म्हणाल्या, "ते ह्या पेशींना शांत बसवतं. म्हणून पंप रोज घ्यायचा. दम लागो न लागो, रोज. सोडला तर एखाद्या दिवशी असा अ‍ॅटॅक येईल की दवाखान्यापर्यंत पोचणंही मुश्कील होईल. जीव जातो काका यात."

काकांना पटलं! मान डोलवली, चित्राचा कागद घडी करून खिशात ठेवला. मी मनात म्हटलं, मॅडमचं हळू बोलणंच खरं, आपण उगाच ओरडतो.

आठ दिवसांनी काकू एकट्या भेटल्या खाली मेडिकलमध्ये. म्हटलं, समजलं ना काकांना? काकू म्हणाल्या, "हो नं! साऱ्या लकडगंजात सांगून राहिले का आमच्या पोरीची इम्युनिटी सगळ्यायपेक्षा जास्त निघाली. डॉक्टरीणबाईनं लिहून देल्लं म्हणे."

"आणि काढा? बंद केला ना?"

"नाही वं ताई. आता आहे तं टिकून राहाले पाहिजे म्हणते."

*

पुढचा किस्सा मला नीट सांगताच येत नाही, मधेच दात आवळले जातात.

पाच-सहा महिने प्राची आलीच नाही. मग सगळी वरात एकदम दाखल. काका खुशीत. हातात बाहेरच्या लॅबचा ताजा रिपोर्ट. टेबलावर असा आपटला!

"पाहा मॅडम. तुमच्या त्या पेशी. शून्य! पंप बंद करून दोन महिने झाले. एक महाराज आहे, पुडी देते. शुद्ध झाडपाला. रोज एक पुडी, दम गायब!"

मॅडम रिपोर्टकडे नाही, प्राचीकडे पाहत होत्या. मीही पाहिलं. मुलीचा चेहरा गोल, गाल सुजलेले, ओठावर लव आलेली. हात मात्र पूर्वीसारखेच काडीसारखे.

मॅडमनी चष्मा काढला. पुसला नाही. तसाच हातात धरला. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"काका, झाडपाल्यानं या पेशी अशा एकदम शून्यावर नाही येत. या पुडीत बहुतेक स्टिरॉईडच्या गोळ्या कुटून घातल्या आहेत. पंपात असतं त्याच्या कितीतरी पट. पंप नळीत जातो आणि तिथंच काम करतो, ही पुडी सगळ्या शरीरात जाते. चेहरा पाहा तिचा. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि आता एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागेल."

म्हणजे पाहा. स्टिरॉईडला घाबरून थेंबभर स्टिरॉईडचा पंप सोडला, आणि मूठभर स्टिरॉईड भक्तिभावानं पाण्यासोबत घेतलं!

मी ओरडलेच. "काकू, तुम्हाला दिसलं नाही का? मुलगी फुगत चालली, रोज समोर असते तुमच्या!"

काकूंचे डोळे भरले. "आम्हाले वाटलं ताई, तब्येत सुधरून राहिली. सगळे पाहुणे म्हणत होते, पोरगी आता कशी भरली!"

*

पुडी उतरवायला तीन महिने लागले. पंप पुन्हा सुरू झाला. प्राची एकटी यायला लागली, स्कूटीवरून. एकटी आली की पोरगी काय बोलायची बाप्पा! शाळेत शिकवायला लागली होती, वर्गातल्या पोरांच्या नकला करून दाखवायची. मी मशीन बाजूला ठेवून ऐकायची. काका सोबत असले की हीच मुलगी भिंतीला टेकून उभी.

एकदा मी म्हटलं, पंप कसा घेतेस ते करून दाखव. दर वेळी तपासतेच मी, तो कॅप्सूलचा दुधवाला भेटल्यापासून तर नक्कीच. तिनं पंप काढला तर झाकणच नव्हतं, आणि हलवला तर आतून तांदळाचा दाणा टपकन टेबलावर पडला. मग दुसरा.

"हे काय गं?"

तिची मान खाली. "ताई, सध्या पाहाले येऊन राहिले न घरी. कोणी आलं का आई पंप तांदळाच्या डब्यात टाकते. दम्याचं कळलं तं कोण करीन म्हणते."

अहो, तो दाणा श्वासासोबत नळीत गेला असता तर? मी तिथल्या तिथं काकांना फोन लावला आणि दहा मिनिटं आवाज चढवून बोलले. बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, "पंप ठेवायची जागा आहे का ती? तांदळात?"

"साधा नाही ताई," काका म्हणाले, "वासाचा चिन्नोर आहे!"

*

फोननं भागत नाही म्हणून एका रविवारी मी स्वतः गेले लकडगंजात. म्हटलं घर तरी पाहू. खाली आरा चालू, वर प्राचीची खोली बरोबर त्याच्या डोक्यावर. खिडकीत बोट फिरवलं तर बोट पिवळं. उशीवर भुसा, पुस्तकांवर भुसा. मी म्हटलं, काका, हिची खोली मागच्या बाजूला हलवा, खिडकीला जाळी लावा, तेवढं तर करा.

"धुळीनं होत असतं तं मले नसतं झालं का? तीस वर्षं झाले, याच धुळीत उभा आहो!" असं म्हणाले, आणि खोकायला लागले. मी अख्खा चहा संपवला तरी खोकत होते. हातात बिडी होतीच.

ओढून आणलं त्यांना मशीनवर. आकडे पाहिले तर पोरीपेक्षा वाईट! पंप दिल्यावरही फारसे हलले नाहीत. मॅडमनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाल्या, "काका, तुमचा आजार वेगळा. तुमच्या नळीत इओसिनोफिल नाहीत, दुसऱ्या पेशी आहेत, न्यूट्रोफिल. धूर आणि धुळीनं येऊन बसल्या आहेत. प्राचीच्या पंपातल्या औषधाला त्या फारशी दाद देत नाहीत. तुमचं औषध वेगळं, आणि पहिली गोष्ट म्हणजे बिडी बंद."

काका कॉलर सरळ करून बाहेर आले. काकूंना म्हणाले, "पाहा वं, पोरीचा पंप मले लागूच नाही होत! बाप अजून मजबूत आहे."

बिडी चालूच. खोली हलली नाही. प्राचीनं स्वतःच खिडकीला ओली चादर बांधली.

*

आता शेवटचा. हा मी भिशीत सांगत नाही.

प्राचीचं जमलं. मुलगा यवतमाळचा, बँकेत. साखरपुडा ठरला. मुलाकडची माणसं आठवडाभर आधीच येऊन काकांकडे उतरली, आणि काकांनी त्याच दिवशी प्राचीचे दोन्ही पंप काढून घेतले. रोजचाही आणि अडीअडचणीचाही. खालच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. "साखरपुडा होऊ दे, मग घे किती घ्यायचा तो." हे सगळं मला नंतर काकूंनी रडत सांगितलं.

हॉलमध्ये हल्ली एक फॅशन निघाली आहे, नवरा-नवरी धुरातून चालत येतात. मशीन लावून पांढरा धूर सोडतात. सात दिवस औषध नसलेली मुलगी त्या धुरात शिरली आणि स्टेजपर्यंत पोचलीच नाही.

दुपारचे साडेबारा. दवाखान्याच्या जिन्यावर एकदम गलका. मुलानं तिला उचलून आणलेलं, मागे फेटे बांधलेली पंधरा-वीस माणसं. प्राचीचे ओठ निळे पडायला लागलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. आम्ही ऑक्सिजन लावला, वाफेचं औषध सुरू केलं, मॅडमनी इंजेक्शन दिलं. छातीला स्टेथोस्कोप लावून त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आवाजच नाही." हवा आत जातच नव्हती. मी दुसरी वाफ भरायला घेतली.

आणि दारात काका, मुलाच्या आईला सांगत होते, "काही नाही विहीणबाई, गॅस झाला. सकाळपासून उपाशी आहे नं."

मी वळले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की फेटेवाले सगळे मागे सरकले.

पंधरा मिनिटांनी मॅडमनी प्राचीला हळूच विचारलं, "नाव सांग बेटा."

"प्राची," काका दारातून म्हणाले.

"चूप!" मॅडम म्हणाल्या. मॅडम! खाली मेडिकलपर्यंत ऐकू गेलं ते. मग पुन्हा हळू आवाजात तिला म्हणाल्या, "अ‍ॅटॅक किती मोठा, ते आम्ही बोलण्यावरून ओळखतो. शब्द शब्द तुटत असेल तर धोका. एका दमात पूर्ण वाक्य आलं की समजायचं, जीव वाचला. तू बोल."

"प्रा... ची," ती म्हणाली. एवढंच.

आणखी एक वाफ. मग आणखी एक. मुलगा कोपऱ्यात उभा, त्याच्या शर्टावर तिच्या हळदी-कुंकवाचे डाग. ओठांचा रंग परत यायला लागला. छातीत पुन्हा शिट्ट्या ऐकू यायला लागल्या, आणि त्या शिट्ट्या ऐकून मला रडू फुटलं.

तासाभरानं मॅडम म्हणाल्या, "आता बोल. काहीही. एक पूर्ण वाक्य."

प्राचीनं मास्क स्वतःच्या हातानं खाली केला. उठून बसली. आधी काकांकडे पाहिलं, मग त्या सगळ्या फेट्यांकडे, मग मुलाकडे. मोठा श्वास घेतला. मला ओरडावं लागलं नाही.

"मले दमा आहे, मी रोज पंप घेते, जन्मभर घेईन, अन् ज्याले हे जमत नसन त्यानं हॉलवर जाऊन आधी जेवून घ्यावं अन् मंग आपल्या घरी जावं."

मॅडमनी फाईल ओढली, वेळ टाकली आणि खाली लिहिलं, "एका दमात पूर्ण वाक्य."